हा निकालच नव्हे!

१८७२ साली कलकत्ता हायकोर्टात एक अपील फेटाळलं गेलं. अपील करणारे होते कलकत्ता शहराचे ‘जस्टिसेस ऑफ द पीस’, म्हणजे त्या काळची नगरपालिकाच. समोर होती ओरिएंटल गॅस कंपनी. सरन्यायाधीश सर रिचर्ड कौच यांनी अपील फेटाळलं खरं, पण जस्टिसांचं बरोबर की कंपनीचं, या प्रश्नाला त्यांनी हातच घातला नाही. ज्या हुकमाविरुद्ध तुम्ही आला आहात तो हुकूम म्हणजे निकाल नव्हे, आणि निकाल नसेल तर या दाराने अपील आत येत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. हे सांगताना निकाल कशाला म्हणायचं याची त्यांनी जी व्याख्या केली, ती पुढे शंभराहून अधिक वर्षं हिंदुस्थानातल्या कोर्टांत घासून घासून वापरली गेली.

‘अपील फेटाळलं’ असं ऐकलं की आपण धरून चालतो, खालच्या कोर्टाचं म्हणणं वरच्या कोर्टाला पटलं असणार. पुष्कळदा तसं असतंही. पण फेटाळण्याचा दुसराही एक प्रकार असतो. त्यात वरचं कोर्ट कागद उघडण्याआधीच विचारतं, ‘हे अपील मुळात चालतं का?’ दावा लावण्याचा हक्क माणसाला उपजतच असतो, अपिलाचा तसा नसतो. तो एखाद्या कायद्याने दिलेला असावा लागतो, आणि जेवढा दिला तेवढाच मिळतो. कायद्याने ‘हुकूमनाम्यावर अपील’ दिलं असेल तर दाव्याच्या वाटेवर झालेल्या किरकोळ हुकमावर ते मिळत नाही, मग तो हुकूम कितीही चुकीचा का असेना. पक्षकाराला हे पचत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. ‘चूक आहे तर दुरुस्त करा की!’ असं त्याला वाटतं. कोर्ट म्हणतं, करू, पण आत्ता नाही.

आधी भांडणातली मंडळी पाहू. कलकत्त्याच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले १८५७ मध्ये. ते लावणाऱ्या ओरिएंटल गॅस कंपनीसाठी त्याच वर्षी स्वतंत्र कायदा झाला होता. गॅसचे नळ टाकायचे म्हणजे रस्ता उकरावा लागणार, आणि दुसऱ्याचा रस्ता उकरायला कायद्याचा आधार हवा. रस्ते, गटारं, पाणी हा कारभार मात्र १८६३ च्या बंगालच्या कायद्याने जस्टिसांच्या मंडळाकडे गेला. त्या वर्षांत कलकत्त्यात भुयारी गटारांचं प्रचंड काम चाललेलं. एकाच रस्त्याच्या पोटात एकाचे नळ आणि दुसऱ्याची गटारं, अशा दोन संस्था कधी ना कधी कोर्टात भेटणार हे उघडच होतं. आपल्या मुंबईतही चित्र फार निराळं नव्हतं. १८६५ च्या कायद्याने तिथेही जस्टिसांचं मंडळ आणि आर्थर क्रॉफर्डसारखा म्युनिसिपल कमिशनर आला होता, आणि रस्त्यांवर गॅसचे दिवे येत होते.

गॅस कंपनीने जस्टिसांविरुद्ध मागितलं ते मँडॅमस. सार्वजनिक अधिकाऱ्याने कायद्याने लादलेलं कर्तव्य करायचं टाळलं तर ‘हे कर’ असं त्याला फर्मावणारा हा आदेश. आजचे वकील याला परमादेश म्हणतात आणि तो रिट याचिकेत मागतात. एकोणिसाव्या शतकात मात्र त्याच्या पायऱ्या वेगळ्या होत्या, आणि आपलं प्रकरण नेमकं त्या पायऱ्यांवरच अडलं, म्हणून त्या सावकाश पाहिलेल्या बऱ्या.

अर्जदार आधी प्रतिज्ञापत्र घेऊन न्यायाधीशासमोर जाई. प्रथमदर्शनी काही दम दिसला तर न्यायाधीश ‘रूल’ काढी. म्हणजे समोरच्याला नोटीस जाई की हा आदेश का काढू नये याचं कारण दाखवा. समोरचा येई, कारणं सांगे. ती पटली नाहीत तर रूल कायम होई आणि आदेश काढण्याचा हुकूम सुटे. इथे कुणालाही वाटेल, संपलं प्रकरण. पण जुन्या इंग्रजी पद्धतीत इथे निम्मंच संपलेलं असे. आदेश हाती पडल्यावर अधिकाऱ्याला दोन वाटा असत. सांगितलेलं काम करून मोकळं व्हायचं, नाहीतर त्या आदेशाला लेखी उत्तर द्यायचं, की हे कर्तव्य आमच्यावर नाहीच, किंवा अमुक कारणाने ते करणं आम्हांला शक्य नाही. त्या उत्तरावर पुन्हा वाद होई. उत्तर तोकडं ठरलं तर शेवटचा, सबब न ऐकणारा आदेश निघे. थोडक्यात, एकलपीठाने, म्हणजे एकट्या न्यायाधीशाने, ‘मँडॅमस काढा’ म्हटलं तेव्हा जस्टिसांच्या माथी कसलीही जबाबदारी कायमची बसलेली नव्हती. त्यांना अजून बोलायला जागा होती. पण तिथे न बोलता ते थेट अपिलात आले.

अपिलात यायला आधार काय होता? हायकोर्टाची सनद. १८६१ च्या कायद्याने कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे हायकोर्टं उभी राहिली, आणि डिसेंबर १८६५ मध्ये राणीच्या नावाने त्यांना सुधारलेली सनद मिळाली. हीच लेटर्स पेटंट. तिच्या पंधराव्या कलमात हायकोर्टातल्या हायकोर्टात अपिलाची सोय आहे. एका न्यायाधीशाने दिलेल्या ‘जजमेंट’वर त्याच हायकोर्टाच्या मोठ्या पीठाकडे जाता येतं. बस्स, एवढंच. जजमेंट म्हणजे काय, याची व्याख्या सनदेत नाही. हुकूमनामा आणि आदेश हे शब्दही त्या जागी नाहीत.

तीच सनद पुढे चाळली की मजा दिसते. एकोणचाळिसाव्या कलमात लंडनला, प्रिव्ही कौन्सिलकडे अपील नेण्याची तरतूद आहे. तिथे ‘अंतिम’ निकाल, हुकूमनामा किंवा आदेश असे शब्द आहेत, आणि वादाची किंमत निदान १०,००० रुपये हवी. चाळिसाव्या कलमात ‘प्राथमिक किंवा मधल्या’ निकालाचा आणि आदेशाचा निराळा उल्लेख आहे. त्यावर प्रिव्ही कौन्सिलला जायचं तर हायकोर्टाची परवानगी लागते. म्हणजे सनद लिहिणाऱ्यांना अंतिम आणि मधलं यांतला भेद चांगला ठाऊक होता. मग पंधराव्या कलमातच त्यांनी शब्द असा उघडाबोडका का ठेवला? नजरचुकीने की मुद्दाम, हे सनद सांगत नाही. मसुदा करणाऱ्याने लेखणी थोडी आणखी चालवली असती तर शंभर वर्षांची वकिली वाचली असती. अर्थात वकिलांची तक्रार नसावी.

या मोकळ्या शब्दाचा पहिला मोठा अर्थ लावला मद्रासने. १८६८ मध्ये ‘डिसूझा विरुद्ध कोल्स’ या प्रकरणात न्यायमूर्ती बिटलस्टन यांनी तो अगदी ऐसपैस घेतला. पक्षकाराच्या हक्कावर किंवा हितावर परिणाम करणारा कोणताही निर्णय म्हणजे जजमेंट. हे उदार आहे यात शंका नाही. पण परिणाम कशाचा होत नाही? तारीख पुढे ढकलली तरी एका पक्षाच्या हितावर परिणाम होतोच.

चार वर्षांनी गॅस कंपनीच्या प्रकरणात कौच यांनी ही ऐसपैस वाट सोडली. त्यांच्या मते जजमेंट म्हणजे पक्षांमधल्या मूळ वादाला भिडणारा, एखादा हक्क किंवा एखादी जबाबदारी ठरवून टाकणारा निर्णय. तो अंतिम असू शकतो, प्राथमिक असू शकतो, मधलाही असू शकतो. फरक इतकाच, की अंतिम निकाल सगळा दावा मिटवतो. प्राथमिक किंवा मधला निकाल दाव्याचा एक भाग मिटवतो आणि बाकीचा पुढच्यासाठी ठेवतो. पण भाग का होईना, काहीतरी ‘ठरलं’ पाहिजे. मँडॅमस काढण्याच्या हुकमाने तसं काही ठरलेलं नव्हतं. म्हणून अपील नाही.

ही व्याख्या अनेकदा चुकीची सांगितली जाते. कौच यांनी ‘मधल्या हुकमावर अपील नाही’ असं म्हटलेलं नाही. मधला निर्णयही जजमेंट असू शकतो हे ते स्वतःच सांगतात. त्यांनी पाहिलं ते त्या हुकमाने काय ठरलं. तो दाव्याच्या सुरुवातीला झाला की शेवटी, हे त्यांच्या लेखी दुय्यम होतं.

आता काही न ठरवणाऱ्या मधल्या हुकमावर अपील का नाही, यामागचं व्यवहारज्ञान. समजा, १८७० च्या सुमाराला वाईच्या एका वाड्याच्या वाटणीचा दावा चालू आहे. थोरल्या भावाने जुना कागद पुढे केला. सबॉर्डिनेट जज्ज म्हणाले, यावर पुरेसा स्टॅम्प नाही, पुराव्यात घेणार नाही. थोरले चिडले. या एका हुकमावर त्यांना अपील दिलं, तर ते साताऱ्याला डिस्ट्रिक्ट जज्जाकडे जातील. तिथे हरले तर मुंबईला. तोवर वाईचा दावा तहकूब. कागद वर्षा-दोन वर्षांनी परत आला आणि दावा पुन्हा सुरू झाला, तर आता धाकटा भाऊ म्हणतो, अमुक साक्षीदाराला पुन्हा बोलवा. कोर्ट नाही म्हणतं. तोही साताऱ्याला निघतो. मग नवे वारस पक्षकार म्हणून घ्यायचे की नाही, हिशेबासाठी कमिशनर नेमायचा की नाही, कैफियतीत दुरुस्ती करू द्यायची की नाही, हे आहेच. एका दाव्यात असे वीस-पंचवीस हुकूम सहज होतात. प्रत्येकाला तीन कोर्टं दाखवायची ठरवलं तर वाटणी पणतूच्या वाट्याला येईल, आणि ज्याच्याजवळ वकिलाला द्यायला पैसा जास्त तो नुसत्या अपिलांवर समोरच्याला जेरीस आणील.

म्हणून १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया कायद्यात, म्हणजे त्या वर्षीच्या आठव्या अ‍ॅक्टात, ३६३ वं कलम घातलं गेलं. हुकूमनाम्याआधी दाव्याच्या ओघात झालेल्या हुकमावर अपील नाही. जिथे कायद्याने मुद्दाम दिलं असेल ते वेगळं. पण त्याच कलमाचा दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच मोलाचा आहे. शेवटी हुकूमनाम्यावर अपील केलंत तर मधल्या हुकमातली चूक अपिलाच्या मेमोमध्ये आक्षेप म्हणून घालता येते. अट अशी, की त्या चुकीने मूळ वादाच्या निकालावर किंवा कोर्टाच्या अधिकारावर परिणाम झालेला असावा.

वाईच्या थोरल्या भावाला यातून काय मिळालं? त्याची तक्रार मेली नाही, ती दप्तरात राहिली. दावा चालू द्यायचा. इतर पुराव्यावर तो जिंकला तर त्या कागदाचं कुणाला काही पडलेलं नाही. तक्रार आपोआप विरली. हरला तर अपिलात पहिलाच मुद्दा घालायचा की आमचा कागद चुकीने नाकारला. तो कागद घेऊनही निकाल तोच लागला असता असं वरच्या कोर्टाला वाटलं तर तक्रार तिथे संपली. फरक पडला असता असं वाटलं तर चूक तेव्हा दुरुस्त होईल. दाव्यात मधल्या वाटेवर जितकी भांडणं होतात त्यातली बहुतेक शेवटी बिनमहत्त्वाची ठरतात, हे ज्याने कोर्टात चार वर्षं काढली आहेत त्याला सांगावं लागत नाही. ती सगळी निवडायला वरच्या कोर्टाला बसवण्यापेक्षा काळाला निवडू द्यावीत, असा या कलमाचा रोख आहे.

मग एक भीती उरते. मी आज अपील केलं नाही, तर उद्या समोरचा म्हणेल, ‘तेव्हा गप्प बसलात, आता हक्क गेला.’ हाच मुद्दा प्रिव्ही कौन्सिलपुढे आला तोही १८५९ मध्येच, महाराजा महेश्वर सिंग विरुद्ध बंगाल सरकार या प्रकरणात. सरकारचं म्हणणं होतं, महाराजांनी एका आधीच्या हुकमावर तेव्हाच अपील करायला हवं होतं. प्रिव्ही कौन्सिलने ते झिडकारलं. प्रत्येक मधल्या हुकमावर अपील केलंच पाहिजे, नाहीतर तोंड कायमचं बंद, असा कायदा हिंदुस्थानात आम्हांला माहीत नाही, आणि तसा असता तर न्यायाच्या वेगाला त्याहून घातक दुसरं काही नसतं, अशा अर्थाचं त्यांनी सुनावलं. ३६३ व्या कलमाला हा निवाडा पूरक ठरला. थांबा म्हणायचं तर थांबणाऱ्याचं नुकसान होऊ द्यायचं नाही, हा सौदा त्यामुळे पुरा झाला.

इंग्लंडातही यावर एकमत नव्हतं. तिथल्या कॉमन लॉ कोर्टांत शेवटच्या निकालाशिवाय वरच्या कोर्टात जाता येत नसे. चॅन्सरीत मात्र मधल्या हुकमांवरही अपिलं चालत. चॅन्सरीतल्या दिरंगाईची कीर्ती सर्वश्रुत आहे. तिची कारणं अनेक होती, पण हेही त्यातलं एक म्हणायला हरकत नाही.

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं. थांबण्याने काहीच बिघडत नसेल तर नियम उत्तम आहे. पण काही हुकूम असे असतात की थांबलं तर शेवटी दुरुस्त करायला काही उरतच नाही. कौच यांनाच हे दोन वर्षांत सामोरं आलं, आणि माझ्या मते गॅस कंपनीच्या निवाड्यापेक्षा हा दुसरा निवाडा अधिक वाचण्यासारखा आहे.

१८७४ चं ‘हाजी इस्माईल विरुद्ध हाजी महंमद’ प्रकरण. सनदेच्या बाराव्या कलमाप्रमाणे, दाव्याचं कारण अंशतः कलकत्त्यात आणि अंशतः बाहेर घडलेलं असेल तर हायकोर्टाची आगाऊ परवानगी घेऊन तिथे दावा लावता येतो. वादीने तशी परवानगी मिळवली होती. ती रद्द करा, असा अर्ज प्रतिवादींनी केला, तो नामंजूर झाला आणि प्रतिवादी अपिलात आले. वरवर पाहता हा तर गॅसच्या हुकमाहूनही किरकोळ वाटतो. दाव्याची नुसती सुरुवात. मूळ वादाला कुणी स्पर्शही केलेला नाही. तरी कौच यांनी अपील चालतं असं धरलं. त्यांचा विचार असा: हा हुकूम केवळ दाव्याची शिस्त लावणारा नाही. या हुकमाशिवाय कोर्टाला जो अधिकार नव्हता, तो या हुकमाने त्याला मिळतो. जे लोक कोर्टाच्या हद्दीत राहत नाहीत त्यांना तिथवर यायला लावण्याचा, आणि आले नाहीत तर त्यांच्यामागे हुकूमनामा करण्याचा हक्क वादीच्या पदरात पडतो. हा हक्कच ठरला की! म्हणून हे जजमेंट.

दोन्ही निवाडे शेजारी ठेवले की कौच यांच्या डोक्यातली खरी कसोटी दिसते. जस्टिसांना ‘थांबा’ म्हणताना त्यांच्याजवळ उत्तर द्यायची संधी शिल्लक होती. परक्या हद्दीत ओढल्या गेलेल्या प्रतिवादीला ‘थांबा’ म्हणणं म्हणजे, सगळा दावा परगावी लढ आणि मग सांग की परगावी यायची गरज नव्हती, असं म्हणणं. खर्च झालेला असतो, प्रवास झालेले असतात. शेवटच्या अपिलात ते परत मिळत नाहीत. कौच यांनी हे ‘हक्क ठरला’ या भाषेत बसवलं. मला वाटतं भाषा थोडी ताणली गेली, पण न्याय झाला.

कौच हे मुंबईचेही. १८६६ ते १८७० ते मुंबई हायकोर्टाचे सरन्यायाधीश होते, तिथून कलकत्त्याला गेले. मराठी वाचकाला त्यांचं नाव भेटतं ते मात्र वेगळ्याच संदर्भात. १८७५ मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष घालण्याच्या कटाचा आरोप ठेवून जो आयोग बसला, त्याचे अध्यक्ष तेच. तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्यांची मतं सरळ दुभंगली, आणि सरकारने गैरकारभाराचं कारण देऊन मल्हाररावांना गादीवरून काढलं. निकाल कशाला म्हणावं हे सांगणाऱ्या माणसाच्या वाट्याला निकालच न देणारा आयोग यावा, हा योगायोग गमतीचा आहे.

कौच यांची कसोटी मुंबईने लवकर उचलली आणि धरून ठेवली. पुढे मद्रासचे सरन्यायाधीश सर अर्नल्ड व्हाइट यांनी १९१० च्या सुमारास वेगळी फूटपट्टी आणली: हुकमाचं रूप पाहू नका, परिणाम पाहा; त्या कोर्टापुरता दावा किंवा तो विषय संपला का? त्या प्रकरणात एक मुद्दा काढायला न्यायाधीशाने नकार दिला होता, आणि त्यावर अपील नाही असं ठरलं. रंगूनने १९३५ मध्ये तिसरीच, सगळ्यांत कडक वाट धरली: दाव्यातले हक्क ठरवणारा हुकूमनामा असेल तेच जजमेंट. सनदांमधला एकच शब्द, आणि बंगालच्या उपसागराभोवती तीन अर्थ.

दरम्यान दिवाणी प्रक्रिया कायद्याने आपला प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. तात्त्विक कसोटीच्या भानगडीत न पडता सरळ यादीच दिली. १८७७ आणि १८८२ च्या कायद्यांत ५८८ व्या कलमात कोणकोणत्या हुकमांवर अपील होतं ते क्रमाने लिहिलं; आज ती यादी १९०८ च्या संहितेत १०४ व्या कलमात आणि त्रेचाळिसाव्या आदेशात आहे. तात्पुरता मनाई हुकूम, रिसीव्हरची नेमणूक अशा, थांबून चालणार नाही अशा गोष्टी त्यात आल्या. ३६३ व्या कलमाचं आजचं रूप म्हणजे १०५ वं कलम. मात्र १९०८ च्या संहितेत दोन खाचखळगे आले, आणि त्यांत आजही माणसं पडतात. वरच्या कोर्टाने दावा फेरविचारासाठी खाली पाठवला, आणि त्या हुकमावर अपील मिळत असूनही केलं नाही, तर त्याच्या बरोबर-चुकीबद्दल पुढे बोलता येत नाही. तसंच वाटणीच्या दाव्यात कुणाचा किती हिस्सा हे सांगणारा प्राथमिक हुकूमनामा होतो. त्यावर तेव्हाच अपील केलं पाहिजे. अंतिम हुकूमनाम्याची वाट पाहिली तर हिश्शांवरचा वाद संपलेला असतो. ‘थांबलं तरी चालतं’ हा नियम पाठ असलेल्या माणसालाच इथे फटका बसतो.

आता यादी आणि सनद यांची टक्कर होणं अटळ होतं. ५८८ व्या कलमाच्या यादीत हुकूम नसेल तर सनदेखालचं अपीलही बंद का? १८८२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हरिशचंद्र चौधरी यांच्या प्रकरणात सांगितलं, नाही. हायकोर्टातल्या हायकोर्टात जाणाऱ्या अपिलाला ते कलम लागू नाही. मग यादीत हुकूम असेल तर सनदेखाली तो आपोआप जजमेंट होतो का? हा उलटा प्रश्न थेट १९८१ पर्यंत लोंबकळला, आणि तो सुटला तो मुंबईच्या एका दाव्यात. करार पुरा करून मिळण्याचा दावा होता. वादीने रिसीव्हर आणि मनाई हुकूम मागितला, एकलपीठाने नाकारला. वादी मोठ्या पीठाकडे गेला, तर त्याला १८७२ सारखंच उत्तर मिळालं: हे जजमेंट नव्हे, अपील चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. हायकोर्टाच्या मूळ शाखेला, म्हणजे थेट तिथेच लागणाऱ्या दाव्यांनाही, संहितेची यादी लागू होते असं सांगितलं, आणि त्याशिवाय जजमेंट या शब्दाची तीन रूपं मांडली: अंतिम, प्राथमिक आणि मधलं. मधल्या हुकमात अंतिमपणाचे गुण असले, म्हणजे पक्षाच्या महत्त्वाच्या हक्कावर त्याचा थेट, तत्काळ घाव बसत असला, तर तेही जजमेंट. कौच यांची वाक्यरचना त्यात स्पष्ट ओळखू येते, फक्त दार थोडं अधिक उघडलेलं आहे.

आजच्या महाराष्ट्रातल्या दिवाणी कोर्टात हे कसं दिसतं? दावा दाखल होतो, तूर्तातूर्त मनाईचा अर्ज बहुधा निशाणी ५ वर असतो. तो नामंजूर झाला तर यादीत बसतो, म्हणून जिल्हा न्यायालयात तीस दिवसांच्या आत किरकोळ दिवाणी अपील. तिथेही हरलात तर आणखी अपील नाही. १०४ वं कलमच तसं म्हणतं. मग वकील हायकोर्टात राज्यघटनेच्या २२७ व्या कलमाखाली याचिका करतात. ती अपील नसते, देखरेखीचा अधिकार असतो, त्यामुळे पुराव्याची नव्याने छाननी तिथे होत नाही. दुसरीकडे, साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज नामंजूर झाला तर तो यादीत नाही. पूर्वी अशा वेळी रिव्हिजनची पळवाट असे. १ जुलै २००२ पासून तीही अरुंद झाली. हुकूम अर्जदाराच्या बाजूने झाला असता तर दावा तिथेच कायमचा संपला असता, अशीच रिव्हिजन आता टिकते. म्हणजे दावा ‘संपतो का’ हा प्रश्न आता रिव्हिजनच्या दारातही उभा आहे.

सनदेचं पंधरावं कलम अजून जिवंत आहे. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेतल्या एकलपीठाच्या निकालावर आजही त्याचा आधार घेऊन मोठ्या पीठाकडे जाता येतं. पण एकलपीठाने स्वतःच अपील ऐकून निकाल दिला असेल तर पुढचं दार बंद आहे. २००२ च्याच दुरुस्तीने नव्या रूपात आलेल्या संहितेच्या १००-अ कलमाने ते बंद केलं. २२७ व्या कलमाखालच्या हुकमावरही हे अपील मिळत नाही. त्यामुळे कोर्टात पहिला अर्धा तास अजूनही पुष्कळदा याच वादात जातो, की याचिका २२६ खालची, म्हणजे अपील मिळणारी रिट याचिका, आहे की २२७ खालची. तो सुटल्यावर मग मूळ भांडणाचा कागद उघडला जातो.